थकलेले हप्ते आणि सरकारी गुपितं

१७ मे १९८५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सीआयएचा एक अधिकारी सोव्हिएत वकिलातीतल्या मुत्सद्द्याबरोबर दुपारच्या जेवणाला गेला. भेट चोरटी नव्हती, कार्यालयाला तिची कल्पना होती. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या बँक खात्यात ९,००० डॉलर भरले. २ जुलैला पुन्हा जेवण, ५ जुलैला ५,००० डॉलर. ३१ जुलैला जेवण, आणि त्याच दिवशी ८,५०० डॉलर. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड खात्यात आली की बँकेला ते सरकारला कळवावं लागतं. हे सगळे भरणे त्या आकड्याच्या खालचे होते.

ऑल्ड्रिच एम्स हे त्याचं नाव. जेवणाच्या तारखा कार्यालयाच्या दप्तरात होत्या आणि भरण्याच्या तारखा बँकेच्या. दोन्ही कागद शेजारी-शेजारी मांडून पाहायला सात वर्षं गेली. ऑगस्ट १९९२ मध्ये सीआयएच्याच सँड्रा ग्राइम्स यांनी ते मांडले. २१ फेब्रुवारी १९९४ ला एम्सला अटक झाली. तोवर त्याने पुरवलेल्या माहितीमुळे अमेरिकेसाठी काम करणारे किमान दहा जण सोव्हिएत संघात मारले गेले होते. एम्सला साम्यवादाचा पुळका नव्हता. घटस्फोट चालू होता, कर्ज चढलं होतं, पैसे हवे होते. हे कारण पुढे त्यानेच सांगितलं.

एखाद्याला गुप्त कागद वाचू देण्याआधी अमेरिकन सरकार त्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी का तपासतं, याचं निम्मं उत्तर या हकिगतीत आहे. उरलेलं निम्मं खरं बोलण्याशी निगडित आहे आणि माझ्या मते तेच जास्त वजनाचं आहे.

सरकारी गुपितं पाहण्याच्या या परवानगीला तिथे सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट अशा तिच्या तीन पायऱ्या. २०१९ च्या सुमारास अशी पात्रता मिळालेल्यांची संख्या ४० लाखांच्या वर होती. यात सैनिक आणि हेर आहेतच, पण जहाजबांधणीच्या गोदीतला वेल्डर, कंत्राटदार कंपनीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुभाषा, साधा कारकून हेही आहेत. पात्रता फक्त अमेरिकन नागरिकाला मिळते, आणि ती गेली की बहुतेकांची नोकरीही जाते.

अर्जाचा फॉर्म एसएफ-८६ या नावाने ओळखला जातो. शंभराहून अधिक पानांचा हा दस्तऐवज आहे. त्यातला २६ वा विभाग पैशांचा. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरी जाहीर केली होती का? कर भरायचा किंवा विवरणपत्र द्यायचं राहिलं का? घर किंवा गाडी कर्जदात्याने ताब्यात घेतली का? पगारातून परस्पर कपात करण्याचा हुकूम झाला होता का? कुठलाही हप्ता १२० दिवसांपेक्षा जास्त थकला होता का? ऑफिसने दिलेल्या कार्डाचा गैरवापर केल्याबद्दल समज मिळाली होती का? जुगारामुळे आर्थिक अडचण आली होती का? या शेवटच्या प्रश्नाला तर सात वर्षांची मर्यादाही नाही. आयुष्यात कधीही आली असेल तर सांगायचं.

उत्तरं तपासायला एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट असतात, न्यायालयाची दप्तरं असतात, शेजारी, जुने मालक आणि कधी घटस्फोटित जोडीदारही असतो. मग हे सगळं तेरा निकषांवर तोललं जातं. सध्याचे निकष ८ जून २०१७ पासून लागू आहेत. ते इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. आपल्या विषयाचे त्यांतले दोन: ‘ई’ म्हणजे वैयक्तिक वर्तन, आणि त्यात मुख्यतः सचोटी, ‘एफ’ म्हणजे आर्थिक बाबी. कंत्राटदार कंपन्यांतल्या लोकांची जी प्रकरणं सुनावणीपर्यंत जातात, त्यांत सर्वात जास्त भरणा ‘एफ’चा असतो.

या ‘एफ’मध्ये दोन वेगळ्या शंका एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या सोडवून पाहिल्याशिवाय निर्णयांचा अर्थ लागत नाही. पहिली शंका गरजेची आहे. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला माणूस आमिषाला बळी पडेल. अमेरिकेच्या इतिहासात तिला आधार आहे. नौदलातला जॉन वॉकर दक्षिण कॅरोलायनातल्या तोट्यात चाललेल्या बारमुळे अडचणीत आला आणि १९६७ मध्ये थेट सोव्हिएत वकिलातीत शिरला. पुढची सतरा-अठरा वर्षं तो नौदलाच्या सांकेतिक किल्ल्या विकत राहिला. एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेतल्या रोनाल्ड पेल्टनने १९७९ मध्ये दिवाळखोरी पत्करली, नोकरी सोडली आणि जानेवारी १९८० मध्ये सोव्हिएत वकिलातीला फोन केला. त्याच्याकडे एकही कागद नव्हता. जे विकलं ते स्मरणातून विकलं, आणि त्यात ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी सोव्हिएत केबलवर अमेरिकेने बसवलेल्या चोरकानाची माहिती होती. त्याबदल्यात त्याला सगळे मिळून सुमारे ३५,००० डॉलर मिळाले.

दुसरी शंका सवयीची आहे. अंथरूण पाहून पाय पसरणं ज्याला जमत नाही, देणं टाळण्यात ज्याला काही वाटत नाही, तो तिजोरीचे नियम तरी कशावरून पाळील? हप्ते भरणं, विवरणपत्र वेळेवर देणं, गुप्त फाइल कपाटात कुलूपबंद करून मगच जेवायला उठणं, ही सगळी कामं कोणी पाहत नसताना करायची असतात. म्हणून रकमेचा आकडा इथे फारसा निर्णायक ठरत नाही. इस्पितळाच्या बिलापायी पन्नास हजार डॉलर देणं झालेला माणूस क्लिअरन्स मिळवू शकतो. उलट भरघोस पगार असून चार वर्षं विवरणपत्रच न देणारा माणूस, पुढे सगळा कर व्याजासकट चुकता केला तरी, अडतो. त्याच्याकडे पैसे होते, नियम ठाऊक होता, तरी त्याने तो बाजूला ठेवला, असा निष्कर्ष निघतो. मला हा निष्कर्ष कडक वाटतो, पण अन्याय्य वाटत नाही.

निकषांत सुटकेच्या वाटाही लिहिलेल्या आहेत आणि त्या खऱ्या अर्थाने उघड्या आहेत. नोकरी गेली, धंदा बसला, अचानक आजारपण आलं, घरात मृत्यू झाला, घटस्फोट झाला, सावकारी कर्जाने नाडलं किंवा कोणी आपल्या नावावर परस्पर कर्ज उचललं, तर तो दोष मानला जात नाही. अट एवढीच की त्यानंतर माणूस जबाबदारीने वागलेला असावा. कर्जदात्याला फोन केला का, हप्ते बांधून घेतले का, ते नेमाने भरले का, अधिकृत समुपदेशकाकडे गेला का? सगळं कर्ज फिटलेलं असावं असा आग्रह नसतो. फेडीचा आराखडा आणि त्याप्रमाणे काही महिने सलग भरल्याच्या पावत्या असल्या तर बाजू भक्कम होते. नोटीस आल्यावर धावतपळत भरलेल्या पैशाला मात्र फार किंमत मिळत नाही, कारण तो भरणा धाकापोटी असतो.

‘एफ’मध्ये कर्जाच्या उलट टोकाचाही एक मुद्दा आहे: हिशेब न लागणारी श्रीमंती. एम्सच्या बाबतीत डोळ्यांसमोर होती ती हीच. १९८९ मध्ये त्याने ५,४०,००० डॉलरचं घर कर्ज न काढता घेतलं. तो जॅग्वार गाडीतून कामावर येत असे. त्याचा पगार वर्षाला सत्तर हजारांच्या आत होता. सासुरवाडी कोलंबियात आहे आणि ती गडगंज आहे, हे उत्तर सगळ्यांना पटलं. १९८६ आणि १९९१ मध्ये तो लाय डिटेक्टरच्या चाचणीतूनही पार पडला. तपासणारे कर्जबाजारी माणसावर नजर ठेवून असताना हा कर्जातून बाहेर पडलेला माणूस निसटला. त्यानंतर १९९४ मध्ये कायदा झाला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा १२९६८ क्रमांकाचा आदेश निघाला. गुप्त माहिती हाताळणाऱ्यांच्या बँक आणि क्रेडिटच्या नोंदी पाहण्याचा रीतसर अधिकार सरकारला त्यातून मिळाला.

आता सचोटीकडे येतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. नॉरफोकच्या गोदीतला एक तंत्रज्ञ आहे. बायकोच्या शस्त्रक्रियेनंतर विम्याने हात वर केले, बिलं वसुली कंपनीकडे गेली, एक कार्ड बँकेने बंद केलं. फॉर्म भरताना १२० दिवसांच्या प्रश्नापाशी त्याचा हात थांबतो. शरम वाटते. एवढी चांगली नोकरी हातची जाईल अशी भीती वाटते. तो ‘नाही’वर खूण करतो. काही आठवड्यांनी तपासनीस समोर बसतो. त्याच्या फाइलमध्ये क्रेडिट रिपोर्ट आधीच आहे, पण तो लगेच बाहेर काढत नाही. आधी मोघम विचारतो, कुठलं देणं थकलंय का? इथे त्या तंत्रज्ञाला अजून एक संधी आहे. तो म्हणाला, ‘साहेब, फॉर्ममध्ये मी हे लिहायला हवं होतं, बिलं थकली आहेत,’ तर निकषच सांगतात की पुरावा समोर ठेवला जाण्याआधी आपणहून केलेली दुरुस्ती त्याच्या बाजूने धरावी. तो पुन्हा ‘नाही’ म्हणाला आणि मग रिपोर्ट टेबलावर आला, तर त्यानंतरच्या कबुलीचं मोल राहत नाही. बिलं ‘एफ’खाली माफ झाली असती. नकार आता ‘ई’खाली येतो.

शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात खटले क्वचित होतात. खरा फटका बसतो तो विश्वासाला. कर्ज फिटतं, सात वर्षांत क्रेडिट रिपोर्टवरून बहुतेक जुन्या थकबाक्या उतरतातही. पण ‘या माणसाने आम्हाला लेखी खोटं सांगितलं’ ही नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर वाचली जाते.

यामागे एक साधा व्यवहार आहे. परक्या देशाचा हस्तक एखाद्याला पेचात पकडतो तो त्याने लपवलेल्या गोष्टीवरून. जे सरकारला आधीच लिहून दिलं आहे, त्याची धमकी कोण देणार? सांगितलेली चूक हत्यार म्हणून बोथट होते. म्हणूनच जुगारात झालेली हार लपवणं हा निकषांत स्वतंत्र दोष आहे.

या तर्काला २०१५ मध्ये मोठा धक्का बसला. अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागाच्या संगणकांत घुसखोरी होऊन २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात पार्श्वभूमी तपासणीच्या फाइली होत्या, लोकांनी प्रामाणिकपणे भरलेल्या एसएफ-८६ होत्या, लाखो बोटांचे ठसे होते. विश्वास ठेवून आपली कर्जं, व्यसनं आणि भांडणं लिहून देणाऱ्यांची राखण सरकारला करता आली नाही, याचा मला अजूनही राग येतो. नागरिकाकडून एवढं खरं मागणाऱ्या यंत्रणेवर ते जपण्याची जबाबदारीही तेवढीच आहे.

खोटं आणि ढिलाई एकत्र आल्यावर काय होतं तेही अमेरिकेने पाहिलं. १६ सप्टेंबर २०१३ ला वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात क्लिअरन्स असलेल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने गोळीबार करून बारा जणांचे जीव घेतले. त्याने फॉर्ममध्ये एक जुनी अटक लिहिली नव्हती, कर्जंही लिहिली नव्हती. सीक्रेट पातळीची फेरतपासणी तेव्हा दहा वर्षांनी होई, टॉप सीक्रेटची पाच वर्षांनी. मधल्या काळात माणूस बदलला तर कळायला मार्ग नव्हता. आता सतत चालणारी तपासणी आहे: अटक, दिवाळखोरी, मोठी थकबाकी यांची सूचना संगणक आपोआप देतो. ऑक्टोबर २०२१ पर्यंत संरक्षण खात्याचे सगळे क्लिअरन्सधारक तिच्याखाली आले. म्हणजे आता लपवण्याची मुदत दहा वर्षांवरून काही दिवसांवर आली आहे.

नकाराची वेळ आली तर कंत्राटी कर्मचाऱ्याला कारणांची लेखी यादी मिळते. एकेक कर्ज वेगळ्या कलमाखाली, रकमेसकट. उत्तर द्यायला वीस दिवस. हवी असेल तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, आणि नंतर अपील. हा हक्क आपोआप आला नाही. एका विमान अभियंत्याचं क्लिअरन्स त्याच्याविरुद्ध कोण काय बोललं हे न सांगताच काढून घेतलं गेलं होतं. १९५९ मध्ये ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही असं म्हटलं, आणि १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश काढून सुनावणीची पद्धत घातली. मात्र १९८८ च्या इगन खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही पक्की केली: क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि शंका असेल तर निर्णय नकाराकडे झुकावा. त्या खटल्यातल्या माणसानेही नोकरीच्या अर्जात आधीच्या दोन शिक्षा लिहिल्या नव्हत्या.

या न्यायाधीशांचे निकाल नावं वगळून प्रसिद्ध होतात, कोणालाही वाचता येतात. ते वाचताना एक दुष्टचक्र पुन्हा पुन्हा दिसतं. कर्जामुळे क्लिअरन्स जातं, क्लिअरन्स गेल्यामुळे नोकरी जाते, आणि नोकरी गेल्यावर कर्ज फेडायचं कशातून? गुपित विकण्याचा विचारही मनात न आलेली माणसं त्यात भरडली जातात. कर्जबाजारी माणसांपैकी जवळपास कोणीच देशद्रोह करत नाही, हे व्यवस्थेने विसरता कामा नये. लष्करी तळांच्या फाटकांबाहेर पगारावर उसने पैसे देणारी दुकानं एके काळी रांगेने होती. त्यांचे व्याजदर वर्षाला तीनशे-चारशे टक्क्यांपर्यंत जात. तरुण सैनिक त्यात अडकत आणि क्लिअरन्स गमावून कामाला मुकत. हे लष्कराच्याच तयारीला मारक आहे असं संरक्षण खात्याने २००६ मध्ये संसदेला सांगितलं, आणि त्याच वर्षी सैनिकांना दिलेल्या अशा कर्जांवर ३६ टक्क्यांची मर्यादा घालणारा कायदा झाला. सैनिकाला दम देण्यापेक्षा सावकाराला वेसण घालणं शहाणपणाचं होतं. गोदीतल्या बिनलष्करी कामगाराला हे संरक्षण नाही, ही उणीव आहे.

व्हर्जिनिया आणि मेरिलँडमध्ये अमेरिकन नागरिक झालेली, किंवा तिथेच जन्मलेली, बरीच मराठी मुलं-मुली संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांत काम करतात. त्यांच्या घरांसाठी या फॉर्ममधला २६ व्या विभागाइतकाच २० वा विभाग अवघड असतो. तो परदेशातल्या मालमत्तेविषयी आणि आर्थिक संबंधांविषयी विचारतो. पुण्यातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट, बँकेतलं एनआरओ खातं, आई-वडिलांना दरमहा पाठवलेले पैसे, गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर वारसाने लागलेलं नाव. यातली कुठलीही गोष्ट गैर नाही. पण ती लिहायला हवी. परदेशातल्या सगळ्या खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिची वेगळी नोंद अमेरिकन अर्थखात्याकडे करावी लागते. ती राहिली असेल तर तीही कराच्या चुकीत मोजली जाऊ शकते.

आपल्या घरांत झाकली मूठ सव्वा लाखाची मानतात. पैशाचं बोलणं चार भिंतींत ठेवायचं, मुलालाही पुरतं सांगायचं नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव चढलेलं आहे हेच अनेक मुलांना ठाऊक नसतं. म्हणून एक विनंती आई-वडिलांना: मुलाने किंवा मुलीने असा फॉर्म हाती घेतला असेल, तर त्यांच्या नावावर काय काय आहे ते आधी सांगा, कागदासकट. आणि विनंती मुलांना: फॉर्मवर सही करण्याआधी तिन्ही कंपन्यांचे आपले क्रेडिट रिपोर्ट काढून वाचा. ते कायद्याने फुकट मिळतात. त्यात थकलेलं काही दिसलं तर कर्जदात्याशी बोलून हप्ता ठरवा, राहिलेलं विवरणपत्र भरा, आणि मग ती थकबाकी तारीख आणि रकमेसह फॉर्ममध्ये लिहा. अडचण गुंतागुंतीची असेल तर या क्षेत्रातला वकील गाठा, आणि तोही फॉर्म पाठवण्याच्या आधी.